सगळी जहाजे बारा टक्के? : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या, दैनिके आणि बातम्यांची यूट्यूब चॅनेले यांचे संपादक

विषय : ‘जगात कितवे नौदल?’ ही पट्टी

स. न. वि. वि.

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते सुरत, निलगिरी आणि वाघशीर नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या, त्यामुळे मुंबईकराला दुप्पट कौतुक. दिवसभर पट्टी फिरत होती : एकाच दिवशी तीन युद्धनौका. आकडा खोटा नाही. पण सुरत ही ७,४०० टनांची विनाशिका, निलगिरी ६,६७० टनांची फ्रिगेट आणि वाघशीर ही बुडी मारल्यावर पावणेअठराशे टन भरणारी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी. सुरतने ताफ्यावर येणारी विमाने आणि क्षेपणास्त्रे दुरूनच पाडायची, निलगिरीने बरोबरच्या जहाजांची राखण करायची, आणि वाघशीर कुठे आहे हे कोणाला कळले तर तिचे काम फसलेच म्हणायचे. अशा तिघींची बेरीज करून ‘तीन’ लिहिले की सगळे घोडे बारा टक्के होतात.

अशा दिवशी ठरलेली चौकट येतेच. झेंडे, झेंड्यांपुढे आकडे, चीन वर, अमेरिका खाली, रशिया मधेच कुठेतरी, आणि आपला तिरंगा सोनेरी कडेत. मागे ढोल. त्या चौकटीबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. मी नौदलातला नव्हे. व्यापारी बोटींवर नोकरी केली, चीफ ऑफिसर म्हणून उतरलो आणि आता रत्नागिरीत असतो. पण या नौदलांची जहाजे समुद्रात बघितली आहेत, त्यांच्या भरवशावर रात्री काढल्या आहेत. म्हणून ही चौकट दिसली की मला राहवत नाही.

सध्या सर्वांत जास्त फिरणारे वाक्य म्हणजे ‘चीनचे नौदल अमेरिकेपेक्षा मोठे’. हे अमेरिकेच्याच संरक्षण खात्याच्या अहवालांतून आलेले आहे. चीनची ३७० हून जास्त जहाजे आणि पाणबुड्या तिथे धरलेल्या आहेत. अमेरिकेची स्वतःची मोजदाद २९० च्या आसपास. इथवर सगळे ठीक. पण त्याच अहवालात पुढे लिहिलेले असते की हौबेई जातीच्या सुमारे ६० क्षेपणास्त्र नौका यात धरलेल्या नाहीत. धरल्या असत्या तर चीनचा आकडा आणखी फुगला असता. आणि अमेरिकेच्या २९० मध्ये इंधन आणि दारूगोळा पुरवणारी जहाजेही येतात, ज्यांच्यावर तोफ म्हणावी असे फारसे काही नसते. म्हणजे कोणते जहाज यादीत घ्यायचे आणि कोणते वगळायचे हा ज्याच्या त्याच्या हिशेबाच्या वहीचा प्रश्न. तुमच्या चौकटीत ती वही कधी दिसत नाही.

आता चीनच्या त्या आकड्यात काय भरले आहे ते पाहा. चीनने ०५६ जातीच्या ७२ कॉर्व्हेट बांधल्या. एकेक साधारण दीड हजार टनांची, किनाऱ्याजवळच्या कामाची. अमेरिकेची नेहमीची विनाशिका म्हणजे आर्ले बर्क. तिचे वजन नऊ हजार टनांच्या वर आणि पोटात क्षेपणास्त्रे उभी ठेवायचे ९० ते ९६ कप्पे. तुमच्या तक्त्यात दोघी एकास एक.

यातली खरी गंमत पुढे आहे. या ७२ पैकी पहिल्या २२ कॉर्व्हेट चीनने आपल्या तटरक्षक दलाला देऊन टाकल्या. बावीस जहाजे नौदलाच्या यादीतून गेली, म्हणजे तुमच्या पट्टीच्या भाषेत नौदल ‘लहान’ झाले. त्याच सुमारास तिकडे ०५५ जातीच्या विनाशिका दाखल होत होत्या, बारा हजार टनांच्या वरच्या, प्रत्येकीत ११२ कप्पे. चाळीस हजार टनांच्या आसपासची, हेलिकॉप्टर आणि सैन्य उतरवणारी ०७५ जातीची जहाजे येत होती. ५ नोव्हेंबर २०२५ ला फूच्यान ही ऐंशी हजार टनांची विमानवाहू नौका आली. तिच्यावर विमाने विद्युतचुंबकी यंत्रणेने फेकली जातात. तिच्याआधी ही सोय फक्त अमेरिकेच्या जेराल्ड फोर्डवर होती. चीनची भीती बाळगायची तर या बदलाची बाळगावी. किनाऱ्यावर घुटमळणारे नौदल दूरच्या समुद्रात जाणारे झाले ते या जहाजांच्या जातींमुळे. ३७० चे ३९५ झाले की ३८० राहिले यात ते दिसणारच नाही.

उत्तर कोरिया तर तुमच्या चौकटीला हमखास तोंडघशी पाडतो. एका लोकप्रिय संकेतस्थळाच्या यादीत काही वर्षांपूर्वी तो जहाजांच्या संख्येत चक्क अमेरिकेच्या वर होता. गस्तीच्या होड्या, जुन्या टॉर्पेडो बोटी, १९५० च्या दशकातल्या रशियन आराखड्यावरच्या पाणबुड्या, सगळे धरून. त्याच देशाने मे २०२५ मध्ये पाच हजार टनांची आपली दुसरी नवी विनाशिका छोंगजिनच्या धक्क्यावरून आडवी पाण्यात सोडली आणि ती किम जोंग उन यांच्या डोळ्यांदेखत कलंडली. ही बातमी तुम्ही चवीने दाखवलीत. पण आधी ज्या यादीवरून ‘उत्तर कोरियाचे महाकाय नौदल’ सांगितले जात होते, तिचे काय करायचे हे कोणी विचारले नाही.

मग वजन मोजावे का? निदान तेवढे तरी करा. शंभर वर्षांपूर्वीच्या मुत्सद्द्यांना एवढी अक्कल होती. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्यात ५:५:३ असे प्रमाण ठरले, ते मोठ्या युद्धनौकांच्या एकूण टनांचे. पहिल्या दोघांना प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,०००, आणि एकेक जहाज ३५,००० टनांहून जड नको. ‘तुम्ही पंधरा, आम्ही पंधरा’ असे मोजले तर समोरचा पंधरा राक्षस बांधेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकूण वजन लावले की आजचे चित्र लगेच बदलते. अमेरिका अजूनही चीनच्या बरीच पुढे जाते, कारण तिच्याकडे लाख टनांच्या घरातली अणुऊर्जेवरची विमानवाहू जहाजे आहेत आणि अशी किमान ११ असावीत असा तिथे कायदाच आहे. शिवाय अमेरिकेची ‘वास्प’ आणि ‘अमेरिका’ या जातींची नऊ जहाजे आहेत, सैनिक उतरवायची. त्यांतले एकेक आपल्या विक्रांतच्या तोडीचे, वर एफ-३५बी लढाऊ विमाने उतरतात, आणि तरीही ती ‘विमानवाहू’च्या रकान्यात धरली जात नाहीत. म्हणजे तुमच्या चौकटीत अमेरिकेपुढे ११ आणि भारतापुढे २ असते, तेव्हा विक्रांतच्या मापाची आणखी नऊ जहाजे तक्त्याबाहेर उभी असतात.

जपानचे उदाहरण याहून मजेचे. २४८ मीटर लांबीचे इझुमो आणि तिची बहीण कागा, दोघींचे डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. सरकारी दप्तरात मात्र त्या हेलिकॉप्टर नेणाऱ्या विनाशिका. ऑक्टोबर २०२१ मध्ये इझुमोवर अमेरिकी एफ-३५बी उतरले आणि उडाले. जपानच्या राज्यघटनेची आणि जनमताची अडचण समजू शकते. तुम्हाला कसली अडचण आहे? ‘जपान : विमानवाहू ०’ एवढेच छापून कसे चालेल?

वजनालाही मर्यादा आहे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग जातीच्या फ्रिगेट सात हजार टनांच्या वर भरतात. आपल्या सुरतच्या जवळपास. पण या जर्मन फ्रिगेटवर क्षेपणास्त्रांचा एकही उभा कप्पा नाही. ती बांधली घरापासून दोन-दोन वर्षे लांब राहण्यासाठी, दर चार महिन्यांनी खलाशी बदलायचे आणि जहाज तिथेच. सोमाली चाचेगिरीच्या काळात असे जहाज हवेसे वाटले यात नवल नाही. दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरियाची सेजोंग द ग्रेट, दहा हजार टनांच्या आसपास आणि कप्पे १२८. अमेरिकेच्या टिकोंडेरोगा क्रूझरवरही १२२ च असतात. जर्मन आणि कोरियन जहाजांच्या वजनात दीडपटीचाही फरक नाही, कामात जमीन-अस्मान.

शिडांच्या काळात जहाजाचा दर्जा तोफांवरून ठरे. वाडियांनी मुंबईच्या गोदीत १८१० साली सागवानात बांधलेले मिंडेन ७४ तोफांचे होते. त्याच घराण्याने १८१७ मध्ये बांधलेली ट्रिंकोमाली फ्रिगेट आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आता तोफांची जागा त्या उभ्या कप्प्यांनी घेतली आहे. चीनची ०५२डी आणि आपली विशाखापट्टणम जातीची विनाशिका या वजनाने जवळपास सारख्या. ०५२डीत ६४ कप्पे. आपल्याकडे विमाने-क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या बराक-८ साठी ३२ आणि ब्रह्मोससाठी १६. ब्रह्मोसचा वेग पाहता नुसत्या कप्प्यांवरून निकाल लावता येत नाही, पण प्रेक्षकाला निदान विचार करायला काही मिळते. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांची ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पाडताना अमेरिकी विनाशिकांचे कप्पे भराभर रिकामे झाले तेव्हा जगाला आठवले की हे कप्पे भर समुद्रात पुन्हा भरता येत नाहीत, बंदरात जावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन दिएगोजवळ चोसिन या क्रूझरवर चालत्या जहाजात कप्पा भरण्याची चाचणी झाली, ती याच अडचणीपायी. ९६ कप्प्यांची विनाशिका शेवटचे क्षेपणास्त्र सोडल्यावर काय असते? नऊ हजार टनांची प्रवासी.

आता माझ्या अनुभवातले थोडे. २०१० च्या आगेमागे मी एका प्रॉडक्ट टँकरवर सेकंड मेट होतो, म्हणजे बारा ते चारचा वॉच माझा. एडनच्या आखातात तेव्हा व्यापारी जहाजांसाठी ठरवून दिलेला पट्टा होता, ४९० मैल लांब, जायचा पाच मैल रुंद, यायचा पाच मैल रुंद आणि मधे दोन मैलांची मोकळी जागा. भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो, कठडा लाटांच्या जवळ येतो आणि शिडी लावणाऱ्याला सोपे जाते. म्हणून आम्ही कठड्याभोवती काटेरी तारेची वेटोळी लावलेली, आगीचे पाइप बाहेर सोडून पाणी चालू ठेवलेले, आणि डेकवर जुन्या बॉयलरसूटमध्ये चिंध्या भरून उभी केलेली बुजगावणी. रात्री अडीच वाजता रेडिओच्या सोळाव्या चॅनेलवर कोणीतरी ‘स्किफ, स्किफ’ ओरडे, म्हणजे चाच्यांची छोटी वेगवान होडी दिसली. त्या वेळी ब्रिजवर कोणालाही जगात कोणाचे नौदल पहिले आहे हे जाणून घ्यायचे नव्हते. सगळ्यात जवळचे युद्धजहाज किती मैलांवर आहे आणि त्याचे हेलिकॉप्टर उडण्याच्या स्थितीत आहे का, एवढेच आम्ही रेडिओवर ऐकत असू.

तिथे मला जे शिकायला मिळाले ते कुठल्याही चौकटीत नव्हते. भारताचे एक जहाज ऑक्टोबर २००८ पासून त्या भागात असे, चीनची तुकडी त्याच वर्षी डिसेंबरात निघाली आणि जानेवारी २००९ मध्ये पोचली. चीनची तुकडी तीन जहाजांची असे : दोन लढाऊ आणि तिसरे पुरवठ्याचे. दोघे काफिल्याच्या पुढेमागे मिरवायचे आणि तिसरे बाजूला कंटाळल्यासारखे. एकदा पहाटे ते काम करताना दिसले. लढाऊ जहाज त्याच्या अंगाला येऊन लागले, मधे चाळीस-पन्नास मीटर पाणी, दोघांचा वेग एक, दिशा एक. दोरावरून जाड काळा पाइप पलीकडे गेला आणि मग पाऊण तासाहून जास्त वेळ दोन्ही जहाजे अशी चालली होती की सुकाणूवरच्या माणसाला शिंक आली तरी महागात पडावी. आमचा कॅप्टन, गोव्याचा, दुर्बीण खाली न घेता म्हणाला, “हे ज्याला येते तो इथे राहणार. बाकीचे येऊन फोटो काढून जाणार.” चीनला पुढे २०१७ मध्ये जिबूतीत तळ मिळाला, पण त्याआधीची वर्षे त्यांनी त्या तिसऱ्या जहाजाच्या जिवावर काढली.

म्हणून तुम्ही तक्ता काढता तेव्हा मी पहिल्यांदा पुरवठ्याचा रकाना शोधतो. तो नसतो. भारताकडे दीपक, शक्ती, ज्योती आणि आदित्य असे चार मोठे टँकर. त्यांतले दोन किनारे सांभाळायचे, तेव्हा चार म्हणजे पुरे नव्हेत हे कोणालाही कळेल. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला ४४,००० टनांच्या पाच पुरवठा जहाजांचे सुमारे १९,००० कोटींचे काम दिले गेले. वजनाने ही प्रत्येकी विक्रांतएवढी! कोणत्या प्राइम टाइमला यावर चर्चा झाली? झाली असेल तर ती माझ्या नजरेतून सुटली. ढोल वाजवण्यासारखे त्यांच्यावर काही दिसत नाही, हे खरे कारण असावे.

दुसरा रकाना दुरुस्तीचा. कोणत्याही नौदलाचा ढोबळ हिशेब असा की एक तृतीयांश जहाजे कामगिरीवर, एक तृतीयांश सरावात आणि एक तृतीयांश गोदीत. रशियापुढे तुम्ही वर्षानुवर्षे ‘विमानवाहू १’ लिहीत आलात. ती अॅडमिरल कुझनेत्सोव. सीरियाच्या मोहिमेहून २०१७ मध्ये परतली ती दुरुस्तीला गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिच्याखालची तरंगती गोदीच बुडाली आणि क्रेन डेकवर कोसळून भगदाड पडले. डिसेंबर २०१९ मध्ये तिच्यावर आग लागली. तक्त्यात मात्र ती लढायला सज्ज. ब्रिटनपुढे ‘२’. त्यांतली प्रिन्स ऑफ वेल्स ऑगस्ट २०२२ मध्ये गाजावाजा करून पोर्ट्समथहून निघाली आणि दुसऱ्याच दिवशी आइल ऑफ वाइटपाशी प्रॉपेलरच्या दांड्याचा जोड बिघडून थांबली. फ्रान्सकडे २००१ पासून एकच शार्ल द गॉल, जानेवारी २०२५ मध्ये ती गोव्यालाही येऊन गेली. ती गोदीत असली की फ्रान्सकडे शून्य. आपले नौदल तिसरे विमानवाहू जहाज मागते ते याच हिशेबावर, एक गोदीत असताना दोन किनाऱ्यांना एकेक उरावे म्हणून. ही मागणी बरोबर की चूक यावर वाद घाला, जरूर घाला. पाणबुड्या वाढवा म्हणणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे. पण ‘चीनकडे तीन मग आमच्याकडेही तीन’ या पातळीवर तो वाद आणू नका.

आपल्या नौदलाचे कौतुक करायचे तर त्याला कितवा नंबर कशाला लागतो? मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने सोमाली चाच्यांनी बळकावलेले रुएन हे मालवाहू जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले. चाळीस तास पाठलाग, विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले. २३ मार्चला ते चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. किनाऱ्यापासून इतक्या लांब विनाशिका ठेवता येते, तिच्या मदतीला हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानातून माणसे टाकता येतात, हे सामर्थ्य. ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी आपण जगात चौथे होतो की सातवे, याने त्या १७ जणांना काय फरक पडला असता?

रशियाचे आणखी एक सांगून टाकतो. २०१५ मध्ये कॅस्पियन समुद्रातून, बहुतेक हजार टनांच्या आतबाहेरच्या नौकांनी, सीरियावर कॅलिबर क्षेपणास्त्रे डागली. छोटे जहाज म्हणजे दुबळे जहाज हे गणित तिथे मोडले. आणि १४ एप्रिल २०२२ ला ज्या युक्रेनकडे मोठे म्हणावे असे एकही लढाऊ जहाज उरले नव्हते, त्याने किनाऱ्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांमुळे रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याचे प्रमुख जहाज मॉस्क्वा तळाला गेले. पुढे बिनमाणसांच्या होड्यांनी त्या ताफ्याला सेव्हास्तोपोल सोडून बरेचसे नोव्होरोसिस्कला हलायला लावले. तुमच्या तक्त्यात युक्रेन नसतोच. आपल्याला हे नवे वाटू नये. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते इंग्रजांच्या उंच जहाजांपुढे लहानच होती. उथळ खाडी, भरती-ओहोटी आणि वल्ही यांच्या जोरावर ती भारी पडत. कोकणात हे अजून सांगतात. फक्त १७५६ मध्ये विजयदुर्गाला तोच ताफा एका जागी अडकून जळाला, हे सांगताना आवाज जरा उतरतो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. आपल्या नौदलाच्या शेवटच्या सुरुंगशोधक नौका, म्हणजे पाण्यात पेरलेले सुरुंग शोधून काढणाऱ्या, २०१९ मध्ये निवृत्त झाल्या. माइनस्वीपर हा शब्द निदान जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे, त्या गोदीत दिसायच्या. त्यांच्या जागी नव्या आल्या नाहीत. आता न्हावा-शेवा, मुंबई बंदर, बॉम्बे हाय, सिक्का, वाडीनार, मुंद्रा यांच्याकडे जाणारे मार्ग नकाशावर पाहा. देशाच्या तेलाचा आणि कंटेनरचा मोठा वाटा याच पश्चिम किनाऱ्यावरून येतो. बंदराच्या तोंडाशी चार सुरुंग टाकले गेल्याची नुसती आवई उठली तरी विमा कंपन्या दर वाढवतील आणि जहाजे बाहेर नांगर टाकून थांबतील. मी स्वतः अशा बातमीवर बोट आत नेली नसती.

सुरुंग स्वस्त असतो आणि त्याला समोरच्या जहाजाच्या किमतीची भीड नसते. १८ फेब्रुवारी १९९१ ला इराणी आखाताच्या उत्तर भागात इराकच्या सुरुंगांनी एकाच दिवशी अमेरिकेची दोन जहाजे जायबंदी केली. एक प्रिन्सटन, एजिस या रडार-क्षेपणास्त्र यंत्रणेची अद्ययावत क्रूझर. दुसरे ट्रिपोली, आणि तिच्यावर कोण होते? सुरुंग काढणारी हेलिकॉप्टरे. सुरुंगशोधक नौका वेगळीच असते. चुंबकीय सुरुंग जागा होऊ नये म्हणून तिचे अंग लोखंडाचे करत नाहीत, लाकूड किंवा फायबरग्लास वापरतात. ती लहान, संथ आणि दिसायला कोळ्यांच्या मोठ्या ट्रॉलरसारखी. गोवा शिपयार्डमध्ये अशा १२ नौका दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीच्या मदतीने बांधायच्या होत्या, सुमारे ३२,००० कोटींचे काम. बोलणी वर्षानुवर्षे लांबली आणि २०१८ च्या सुरुवातीला फिसकटली. वास्कोला या कामाच्या आशेवर बसलेली माणसे होती. जुलै २०२५ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने पुन्हा अशा नौकांना गरज म्हणून मंजुरी दिली. मंजुरीपासून पाण्यात उतरलेल्या नौकेपर्यंतचे अंतर आपल्याकडे किती असते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

२०१९ पासूनचा हा खड्डा तुमच्या पट्टीला दिसत नाही. कारण पट्टीत एकूण आकडा वाढतोच आहे. अर्नाळा जून २०२५ मध्ये दाखल झाली, वसईसमोरच्या किल्ल्याचे नाव मिळालेली, ७७ मीटर लांबीची, उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी. अशा एकूण १६ यायच्या आहेत. हव्याच होत्या, उशिराच आल्या. पण त्यांनी यादी सोळाने फुगेल, तुम्ही ‘भारताची मोठी झेप’ लावाल आणि सुरुंगशोधकांचा खड्डा त्याखाली झाकला जाईल. हा माझा खरा आक्षेप आहे. चुकीच्या आकड्याने नुसते अज्ञान पसरत नाही, तो आकडा करदात्याला नको तिथे निश्चिंत करतो आणि नको तिथे घाबरवतो. खासदार तुमचीच चौकट पाहून प्रश्न विचारतात. टँकर आणि सुरुंगशोधक यांच्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण ती चौकटीत नाहीत.

तुमच्या अडचणी मला कळतात. वीस सेकंदांची पट्टी, त्यात टनेज, जाती आणि कप्पे कुठे मावणार? पण क्रिकेटचा तक्ता दाखवताना तुम्ही फक्त ‘सामने किती खेळले’ एवढेच देत नाही. सरासरी देता, स्ट्राइक रेट देता, आणि घराघरांतल्या आजीला तो कळतोही. नौदलाचा प्रेक्षक तिच्याहून मठ्ठ आहे का?

मागणी थोडी आहे. एकूण आकडा द्यायचाच तर त्यात काय धरले ते त्याच पट्टीत सांगा. विमानवाहू, विनाशिका-फ्रिगेट आणि पाणबुड्या वेगळ्या दाखवा, आणि पाणबुड्यांत अणुऊर्जेवरच्या व डिझेलच्या पुन्हा वेगळ्या, कारण अमेरिकेकडे डिझेलची एकही नाही आणि आपल्याकडे बहुतेक डिझेलच्याच. जहाजाच्या नावापुढे टन लिहायची सवय लावा. आणि पुरवठ्याची जहाजे तक्त्यात आणा.

येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, तुम्ही पुन्हा चौकट करणारच आहात. तिच्यात ‘सुरुंगशोधक नौका’ अशी एक ओळ घाला आणि भारतापुढे त्या दिवशी जो आकडा असेल तो तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. शेजारी जपानचा छापा. त्या देशाने १९९१ च्या युद्धानंतर इराणी आखात साफ करायला आपल्या सुरुंगशोधक नौका पाठवल्या होत्या, हे तळटीपेत चालेल. तक्ता आधी कोणाला तरी दाखवून घ्यायचा असेल तर मजकूर पाठवा, मी मोकळाच आहे. मानधन नको, सोनेरी कड तेवढी काढा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर, व्यापारी नौकानयन
रत्नागिरी